जोनच्या चिलखताला म्हणे छातीला दोन वाट्या होत्या!

पत्राठोक: काल एका गेमच्या पोस्टरखाली कोणीतरी ठासून लिहिलंय, "मध्ययुगात बायकांचं चिलखत छातीला दोन वाट्या ठोकूनच बनायचं, जोन ऑफ आर्कचं तसंच होतं." रात्रभर डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. अहो, जोन म्हणजे पंधराव्या शतकात फ्रान्ससाठी लढलेली मुलगी, तिचं चिलखत आज शिल्लकच नाही! हिशेबात नोंद आहे, १४२९ मध्ये फ्रान्सच्या तूर शहरात तिच्यासाठी बनवलं आणि राजाच्या खजिन्यातून १०० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) दिले, बस. तिच्या हयातीतलं एकच चित्र उरलंय, पॅरिसच्या एका कारकुनानं वहीच्या कडेला काढलेलं, त्यात ती झग्यात आहे आणि त्यानं तिला कधी पाहिलेलंही नव्हतं. आणि चिलखताचा पत्रा मुळात फुगीर कशाला असतो, तर भाल्याचं टोक घसरून बाजूला जावं म्हणून. दोन उंचवटे केले की मध्ये घळ होते, टोक थेट छातीच्या मधल्या हाडावर येणार. पुरुषांच्याही पत्र्यात आत जाड अंगरखा मावेल एवढी जागा असायचीच, बाईला वेगळं काय हवं?

सह्यकडा: घळीचं तुम्ही फार ताणताय. रोमन सेनापतींच्या चिलखतावर छाती, बेंबी सगळं कोरलेलं असायचं. इटलीच्या बार्तोलोमेओ काम्पी या कारागिरानं १५४६ ला तसंच पोलादात केलंय, माद्रिदला आहे. म्हणजे बनवणारे बनवायचे.

पत्राठोक: काम्पीचं काम मिरवायचं आहे, मार खायचं नाही. जोन फ्रान्समधल्या झार्झोच्या लढाईत शिडीवर चढताना डोक्यात दगड बसून खाली पडली आणि परत उठली, तिथे कोरीवकाम नाही, शिरस्त्राण कामी आलं.

सह्यकडा: मिरवायचं म्हणून का होईना, बनत होतं एवढं तरी मान्य करा.

पत्राठोक: पुरुषांसाठी बनत होतं, मान्य. पुढे?

जुनी_वही: दोघंही जोनवरच अडकलात. १०८१ ला आजच्या अल्बेनियातल्या दिराखियमच्या लढाईत सलेर्नोची सिकेलगाइता, नॉर्मन सेनापतीची बायको, पळणाऱ्या आपल्याच नॉर्मन सैनिकांच्या मागे भाला घेऊन धावली, पूर्ण चिलखतात ती भयंकर दिसायची असं बायझंटाईन राजकन्या अ‍ॅना कोम्निनी लिहिते. तेव्हा साखळ्यांचं चिलखत, त्याला वाट्या काढणार कुठे?

सह्यकडा: अ‍ॅनाचा जन्म १०८३ चा! लढाईनंतरचा. आणि ती शत्रूपक्षाची. ऐकीव गोष्टीला पुरावा म्हणू नका.

जुनी_वही: तिचा बाप त्या लढाईत सम्राट म्हणून लढला होता, घरातच ऐकलं असेल ना. पण ठीक आहे, साक्षीदार नव्हती हे खरं.

फॉइलवाली: मी कॉलेजात तीन वर्षं तलवारबाजी केली. आम्हा मुलींना मुलांची जुनी जॅकेटं द्यायचे, खांद्याला ढगळ आणि छातीला आवळ, आणि छातीचं प्लास्टिक गार्ड सहा जणींत एक. ते गार्ड दोन वाट्यांचंच असतं, तेव्हा वाट्या म्हणजे मूर्खपणा असं सरसकट बोलू नका. माझ्या मैत्रिणीची बरगडी सुजली होती आणि सर म्हणाले सवय होईल.

पत्राठोक: ताई, ते आत घालायचं गार्ड, बाहेरचा पत्रा नव्हे.

फॉइलवाली: ताई म्हणून गप्प बसवू नका. "बाईला वेगळं काय हवं" हे वाक्य तुमचं आहे ना? सहाशे वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याच्या मुलीला तिच्या मापाचं मिळालं, तेही राजाच्या खर्चानं, आणि आम्हाला आजही उरलेलं. तुम्ही पत्र्याचा आकार मोजत बसा.

सह्यकडा: कॉलेजच्या जॅकेटाचा पंधराव्या शतकाशी काय संबंध??

फॉइलवाली: माप! अंगाला न बसणारं काहीही घालून बघा अर्धा तास, मग विचारा संबंध.

नाक्यावरची: अगदी! माझं बाइकचं जॅकेटही पुरुषांचंच, महिलांचं म्हणून दाखवलं ते फक्त गुलाबी, पॅड कोपराच्या खाली सरकलेलं. दुकानदार म्हणतो बायका एवढ्या लांब कुठे जातात. लेहला जाऊन आले मी.

पत्राठोक: ते वाक्य माझं चुकलं, मागे घेतो. पाठीची लांबी, खांदा, कंबर मापाचीच लागते, कंबर चुकली तर छातीच्या पत्र्याचं सगळं ओझं खांद्यावर येतं. जोनचं तिच्या मापाचं होतं म्हणूनच ती त्यात शिड्या चढली. पण वाट्या नव्हत्या.

सह्यकडा: चिलखतच शिल्लक नाही म्हणता आणि "नव्हत्या" असंही म्हणता!