आठवडाभराचा उशीर, पाच आठवड्यांची टाळेबंदी

खर्डेघाश
कोविडकाळातल्या सरकारी निर्णयांचा विषय निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो टाळेबंदीने जीव वाचले, दुसरा म्हणतो टाळेबंदीने धंदे बुडाले. माझं मत थोडं आडवं आहे, म्हणून हा धागा. टाळेबंदी कडक होती की सैल, यापेक्षा ती कुठल्या आठवड्यात लागली याने जास्त फरक पडला. उशीर केला की माणसंही जातात आणि बाजारही जास्त दिवस बंद राहतो. जीव की रोजी, असा सौदा तिथे उरतच नाही. दोन्ही हातचं जातं.

हिशेब करून बघा. मार्च २०२० मध्ये युरोपात बऱ्याच ठिकाणी लागण साधारण दर तीन दिवसांनी दुप्पट होत होती. सात दिवस थांबलं की पाचपट. आता टाळेबंदी लावली आणि आर ०.८ वर आला असं धरू. (आर म्हणजे एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो तो आकडा.) एकाकडून पुढच्याकडे जायला पाच दिवस धरा. दर फेरीला ०.८ ने गुणत गेलात तर पाचपट झालेली लागण मूळ पातळीवर यायला सव्वासात फेऱ्या लागतात, म्हणजे ३६ दिवस. चढायला सात, उतरायला छत्तीस. 'अजून एक आठवडा दुकानं चालू दे' म्हणणारा अर्थमंत्री पुढचे पाच आठवडे गहाण टाकत असतो.

'खाटा भरायला लागल्या की बघू' हे तर आणखी वाईट. लागण होण्यापासून रुग्णालयात दाखल होण्यापर्यंत सहसा १० ते १२ दिवस जातात. आज दाखल झालेला माणूस बारा दिवसांपूर्वीच्या लागणीचा. मधल्या काळात लागण चार वेळा दुप्पट झाली, म्हणजे सोळापट. आज सगळं बंद केलं तरी पुढचे बारा दिवस दाखल होणारे वाढतच राहणार. वरातीमागून घोडं यालाच म्हणतात.

न्यूझीलंडने १९ मार्च २०२० ला सीमा बंद केल्या, २५ मार्चच्या रात्री सर्वांत कडक पातळी लावली. ती जाहीर झाली तेव्हा देशात शंभरेक रुग्ण होते. ८ जूनला देशांतर्गत जवळपास सगळे निर्बंध उठले. ब्रिटनमध्ये इम्पीरियल कॉलेजचा अहवाल १६ मार्चला आला, काहीच केलं नाही तर ५,१०,००० मृत्यू होतील असं सांगणारा. टाळेबंदी लागली २३ मार्चला. मधला आठवडा मोजा. आणि २०२० मध्ये ब्रिटनचा जीडीपी सुमारे १० टक्क्यांनी आकसला.

हिशेबनीस
गुणाकार बरोबर, निष्कर्ष घाईचा. आर ०.८ वर आणणारा सरकारी हुकूमच, हे तुम्ही गृहीत धरलंय. भ्यालेली माणसं हुकमाची वाट बघत नाहीत.

ऑस्टन गुल्सबी आणि चॅड सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या साडेबावीस लाख दुकानं-व्यवसायांतली ग्राहकांची ये-जा मोबाइलच्या ठिकाणांवरून मोजली. एकाच परिसरातल्या शेजारशेजारच्या अशा काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) घेतल्या, जिथे बंदीचा हुकूम इकडे आधी आणि तिकडे नंतर निघाला किंवा निघालाच नाही. ये-जा ६० टक्क्यांनी घटली होती. त्या ६० पैकी जेमतेम ७ हुकमाच्या खात्यावर जातात. बाकी लोक आपणहून घरी बसले.

डेन्मार्क-स्वीडनचंही तेच. एकाच बँकेच्या दोन्ही देशांतल्या खातेदारांचा खर्च तपासला गेला. बंद असलेल्या डेन्मार्कमध्ये खर्च २९ टक्क्यांनी उतरला, उघड्या स्वीडनमध्ये २५ टक्क्यांनी. टाळेबंदीचा वाटा चार. म्हणून 'टाळेबंदीने अर्थव्यवस्था बुडवली' हेही खोटं आणि 'टाळेबंदीने साथ रोखली' हेही अर्धंच खरं.

खर्डेघाश
@हिशेबनीस, डेन्मार्कच्या अभ्यासातला दुसरा आकडा राहिला. सत्तरीपुढच्या लोकांचा खर्च स्वीडनमध्ये डेन्मार्कपेक्षा जास्त घसरला. तरुण बाहेर मोकळे फिरत होते म्हणून म्हातारे जास्त घाबरून बसले. टाळेबंदीने एकूण खर्च फारसा बदलला नाही हे मान्य, पण कोणी घरी बसायचं ते बदललं.

शिवाय माणूस घाबरतो कशाने? मृत्यूच्या बातम्यांनी. मृत्यू लागणीनंतर साधारण तीन आठवड्यांनी येतो. भीती हा ब्रेक आहे, पण तीन आठवडे उशिरा लागणारा. सरकारकडे निदान आधी बघायची सोय असते.

पायरीवरचा
दोघंही पगारदार देशांचीच उदाहरणं देताय. दक्षिण अमेरिकेतला पेरू देश घ्या. पहिला रुग्ण ६ मार्च २०२० ला, देशभर टाळेबंदी १६ मार्चला. रस्त्यावर सैन्य, रात्री संचारबंदी. खर्डेघाश यांच्या गणिताने हा आदर्श देश ठरायला हवा. प्रत्यक्षात लोकसंख्येच्या प्रमाणात जगातले सर्वाधिक नोंदलेले मृत्यू तिथलेच. मे २०२१ च्या अखेरीस सरकारने आकडा ६९ हजारांवरून १ लाख ८० हजारांच्या वर नेला. जीडीपीही २०२० मध्ये सुमारे ११ टक्क्यांनी पडला. म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं.

का, ते बघा. साधारण निम्म्या घरांत फ्रिज नाही. फ्रिज नसेल तर आठवड्याचा बाजार एकदम भरून ठेवता येत नाही, रोज मंडईत जावंच लागतं. मंड्या चालू ठेवल्या आणि लागण तिथेच फोफावली. एप्रिलमध्ये फर्मान निघालं की सोमवार-बुधवार-शुक्रवार पुरुषांनी बाहेर पडायचं, मंगळवार-गुरुवार-शनिवार बायकांनी. घरचा बाजार बहुतेक बायकाच करतात. तेव्हा त्यांच्या तीन दिवसांत मंडईत तोबा गर्दी, पुरुषांच्या दिवशी तुलनेने शुकशुकाट. आठवडाभरात फर्मान गुंडाळलं. गरीब घरांना ३८० सोलची (सोल हे तिथलं चलन) मदत दिली, पण अनेकांचं बँकखातंच नव्हतं, म्हणून रोख घ्यायला बँकेसमोर रांगा. घरी बसा म्हणून दिलेल्या पैशासाठी रांगेत उभं केलं! त्यात ऑक्सिजनचा तुटवडा.

भारतात २४ मार्च २०२० ला रात्री आठला घोषणा, मध्यरात्रीपासून अंमल. चार तासांत कोण कुठे पोचणार? रोजंदारीवरचे मजूर पायी निघाले ते त्यामुळे. वेळ साधणं एवढंच पुरेसं असतं तर या दोन्ही देशांचं भलं झालं असतं. टाळेबंदी लावायच्या आधी तीन प्रश्नांची उत्तरं लागतात: धान्य दारात कसं पोचणार, पैसा रांगेशिवाय हातात कसा पडणार, आणि एका खोलीत सहा जण राहतात तिथला रुग्ण कुठे ठेवणार.

रोगगणित
+१ पायरीवरचा. एका खोलीत सहा जण असतील तर 'घरी बसा' म्हणजे विषाणूला सहा जणांसोबत कोंडणं.

कुठल्या देशाचे निर्बंध किती कडक होते ते सांगणारा ऑक्सफर्डचा कडकपणा निर्देशांक लोक फार फेकतात, म्हणून थोडं अवांतर. तो शून्य ते शंभर असतो, नऊ बाबींवरून काढतात. पण तो कागदावरचे नियम मोजतो, पाळले किती ते नाही. त्या निर्देशांकासमोर मृत्यूंचा आलेख मांडून 'बघा, काही संबंध नाही' म्हणणं म्हणजे दिनदर्शिका बघून पाऊस मोजणं. शिवाय साथ वाढली की सरकार निर्बंध वाढवतं, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला याचीच गल्लत होते.

उत्तरवारा
स्वीडनचं नाव आलंच आहे तर पूर्ण बोलू. तिथे 'काहीच केलं नाही' ही दंतकथा आहे. वरच्या इयत्तांचं आणि विद्यापीठांचं शिक्षण मार्चमध्येच घरून सुरू झालं, सभा-समारंभांना पन्नासची मर्यादा आली, १ एप्रिलपासून वृद्धाश्रमांत भेटी बंद झाल्या. आजारपणाच्या रजेत पहिल्या दिवसाचा पगार कापला जायचा, तो सरकारने भरून द्यायला सुरुवात केली. या शेवटच्या गोष्टीची चर्चा कोणीच करत नाही, मला तर ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते. उघड्या राहिल्या त्या सोळा वर्षांखालच्या मुलांच्या शाळा.

२०२० ते २०२२ या तीन वर्षांचे अतिरिक्त मृत्यू धरले, म्हणजे नेहमी होतात त्याहून जास्त किती झाले ते, तर स्वीडन युरोपात अगदी खालच्या रांगेत आहे. मुलांचं वाचनही मागे पडलं नाही. उलट नेदरलँड्समध्ये जेमतेम आठ आठवडे शाळा बंद होत्या, घरोघरी चांगलं इंटरनेट होतं, तरी मुलं सरासरी वर्षाच्या एक पंचमांश अभ्यासाने मागे पडली. शाळा बंद होती जेवढे दिवस, जवळपास तेवढाच तोटा. म्हणजे घरून शिकले ते जवळपास शून्य. कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांचं नुकसान ६० टक्क्यांपर्यंत जास्त. युगांडात तर शाळा पूर्ण उघडायला जानेवारी २०२२ उजाडला.

खर्डेघाश
शाळांबाबत हरलो, मान्य. पहिले काही आठवडे सोडले तर बंद ठेवण्याला आधार नव्हता. मद्यालयं आधी उघडली आणि वर्ग नंतर, असं जिथे झालं तिथे तर नक्कीच नाही.

पण तीन वर्षांच्या बेरजेत २०२० लपतं. त्या वर्षाअखेर लोकसंख्येच्या प्रमाणात स्वीडनचे मृत्यू नॉर्वेच्या कित्येक पट होते. पहिल्या लाटेतले जवळपास निम्मे वृद्धाश्रमांतले. तासावर पगार घेणारे कर्मचारी, संरक्षक साहित्याचा तुटवडा, वृद्धाश्रम नगरपालिकांकडे आणि डॉक्टर प्रांतांकडे. त्यांच्याच कोरोना आयोगाने वृद्धांचं रक्षण करण्यात अपयश आलं असं म्हटलं, आणि फेब्रुवारी २०२२ च्या अंतिम अहवालात सक्तीची टाळेबंदी टाळली हे बरोबर, पण सुरुवातीची पावलं आणखी लवकर आणि कडक हवी होती असा निर्वाळा दिला. म्हणजे माझाच मुद्दा.

शिवाय लाट पुढे ढकलण्याला किंमत आहे. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी या औषधचाचणीतून कळलं की डेक्सामेथासोन या स्वस्त, जुन्या स्टेरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने घटतात. डिसेंबरात लस आली. मार्चमधला रुग्ण जुलैत आजारी पडला असता तर वाचण्याची शक्यता जास्त होती.

उत्तरवारा
ढकलण्यालाही किंमत मोजावी लागते, ती दुसऱ्या खात्यात पडते एवढंच. २०१९ मध्ये जगभरात क्षयाचे ७१ लाख नवे रुग्ण नोंदले गेले, २०२० मध्ये ५८ लाख. क्षय कमी झाला नव्हता, शोधणारे कमी झाले होते. त्या वर्षी क्षयाचे मृत्यू दशकाहून जास्त काळानंतर प्रथमच वाढले. त्याच वर्षी २ कोटी ३० लाख मुलांच्या नेहमीच्या लसी चुकल्या.

हिशेबनीस
अतिरिक्त मृत्यूंबद्दल दोघांनाही एक सावधगिरी. 'नेहमीचे' कशावरून ठरवलं ते आधी विचारा. मृत्युदर दरवर्षी घटत असलेल्या देशात मागच्या पाच वर्षांची सरासरी धरली तर 'नेहमीचा' आकडा फुगतो आणि अतिरिक्त मृत्यू कमी दिसतात. कल धरला तर जास्त दिसतात. स्वीडनमध्ये २०१९ हे मुळात फार कमी मृत्यूंचं वर्ष होतं, तेही हिशेबात घ्यावं लागतं.

आता पैशाकडे. ब्रिटनने फर्लो या योजनेत कामावर न येणाऱ्यांना ८० टक्के पगार दिला, महिन्याला कमाल २,५०० पौंड. नोकरीचा धागा तुटला नाही. अमेरिकेने छोट्या धंद्यांना पगारासाठी म्हणून सुमारे ८०० अब्ज डॉलर वाटले. नंतरच्या अभ्यासात दिसलं की त्यातला फक्त २३ ते ३४ टक्के पैसा अशा कामगारांपर्यंत गेला ज्यांची नोकरी खरोखर जाणार होती. बाकी मालक, भागधारक, पुरवठादार. कारण साधं: ज्याचा धंदा बुडालाच नव्हता त्यालाही अर्ज करता येत होता, आणि कोणाची विक्री किती घटली हे तपासायची यंत्रणा नव्हती. जर्मनीत कुर्त्सआर्बाइट ही कमी तासांच्या पगाराची योजना साथीच्या कितीतरी आधीपासून होती, म्हणून बटण दाबलं आणि चालू झाली.

आणि ऑगस्ट २०२० मधली ब्रिटनची हॉटेलात जेवा योजना! सोमवार ते बुधवार बिलात निम्मी सूट, माणशी दहा पौंडांपर्यंत, सरकारी खर्च सुमारे ८५ कोटी पौंड. एका अभ्यासानुसार त्या काळात सापडलेल्या नव्या संसर्गसमूहांपैकी ८ ते १७ टक्के या योजनेच्या खात्यावर. लोकांना बंद खोलीत मास्क काढून बसायला अनुदान.

रोगगणित
बंद खोली म्हणालात म्हणून. २८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही असं ठासून सांगितलं. पुढे कितीतरी महिने पैसा फवारणीत आणि पृष्ठभाग पुसण्यात गेला, खिडक्या बंदच. खोलीतली हवा तासाला सहा वेळा बदलली तर ९९ टक्के दूषित हवा जायला ४६ मिनिटं लागतात, दोनदाच बदलली तर १३८ मिनिटं. एका वर्गाला पुरेल असा हवा गाळणारा पंखा आणि हवा कोंडली की कळावं म्हणून कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र यांचा खर्च, तो वर्ग बंद ठेवण्यासमोर काहीच नाही.

पायरीवरचा
खर्डेघाश यांच्या ३६ दिवसांकडे परत. आर ०.८ ऐवजी ०.७ धरा. साडेचार फेऱ्या, २३ दिवस. तेरा दिवस वाचले. हे ०.१ कुठून आणायचं? आणखी दुकानं बंद करून नाही, लागण झालेला माणूस खरोखर घरी बसला तर. ब्रिटनने चाचणी आणि संपर्कशोधासाठी दोन वर्षांना मिळून ३७ अब्ज पौंडांची तरतूद केली, आणि आजारी पडलेल्याचा कायदेशीर किमान भत्ता होता आठवड्याला ९५.८५ पौंड. सप्टेंबरअखेर गरिबांसाठी ५०० पौंड आले, पण अटींची चाळणी लावून. शोधायला पैसा, सापडलेल्याला ठेंगा.

खर्डेघाश
चालेल, यावर जमतंय. फक्त पैसा कधी मिळतो ते लिहा. लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून नंतरच्या चार-पाच दिवसांपर्यंत माणूस सर्वांत जास्त लागण देतो. चाचणीचा निकाल तिसऱ्या दिवशी, अर्ज पाचव्या दिवशी आणि खात्यात रक्कम तिसऱ्या आठवड्यात, असं असेल तर तोवर तो कामावर जाऊन आलेला असतो. निकालाच्या मेसेजबरोबरच रक्कम जमा, कागदपत्रं मागाहून.

हिशेबनीस
आणि खोटे अर्ज?

खर्डेघाश
येतील काही. अर्जाला निकालाचा क्रमांक जोडला की प्रयोगशाळेच्या नोंदीशी पडताळता येतो. ८०० अब्ज वाटताना जी तपासणी झाली नाही ती दहा दिवसांच्या मजुरीसाठी लावायची असेल तर तुमची मर्जी.