सॉनी रॉलिन्स पुलावर गेले: साधना की वाया गेलेली दोन वर्षं?

रियाजवेडा:
१९५९ साली अमेरिकन जॅझ वादक सॉनी रॉलिन्स तिशीच्याही आत होते. 'सॅक्सोफोन कोलॉसस' हा अल्बम ध्वनिमुद्रित होऊन तीन वर्षं झालेली, टेनर सॅक्सोफोनवर त्यांचा दबदबा. नेमके तेव्हाच त्यांनी कार्यक्रम बंद केले. आपलं नाव आपल्या वाजवण्यापेक्षा मोठं झालंय, असं त्यांना वाटत होतं. घरी वाजवावं तर शेजारीण गरोदर. म्हणून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर, बाजूने आगगाड्या धडधडत असताना, तासन्‌तास रियाज. टाळ्या मिळत असताना असं उठून जायला फार मोठी छाती लागते. मला तरी हा त्यांच्या आयुष्यातला सर्वोत्तम निर्णय वाटतो.

खर्ज:
साफ असहमत. वर्ष कुठलं होतं ते बघा! दुसरे मोठे टेनर वादक जॉन कोल्ट्रेननी 'जायंट स्टेप्स' हा अल्बम ध्वनिमुद्रित केला, नव्या वाटेचे सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' क्लबमध्ये येऊन धडकले. जॅझ मुळापासून हलत होतं आणि हे पुलावर एकटे. परतल्यावरचा 'द ब्रिज' (१९६२) हा अल्बम देखणा आहे, जिम हॉलची गिटार अप्रतिम. पण १९५८च्या 'फ्रीडम सुइट'ची धग त्यात कुठे आहे? काळ्या माणसाच्या हक्कांसाठी केलेली जवळजवळ वीस मिनिटांची रचना! असं काही केल्यावर गप्प बसायचं?

रियाजवेडा:
'द ब्रिज'वर थांबू नका हो. त्याच वर्षी कोलमन यांच्याच चौकडीतले डॉन चेरी (कॉर्नेट) आणि बिली हिगिन्स (ड्रम्स) यांना सोबत घेऊन रॉलिन्स न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज गेट' क्लबमध्ये वाजले. तिथलाच 'अवर मॅन इन जॅझ' हा अल्बम ऐका. पुलावर काय कमावलं ते तिथे कळतं.

पवईकर:
दोघंही फक्त रेकॉर्डांचा हिशेब मांडताय. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर १९५५ला गेले, वय ३४. ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राउन २५व्या वर्षी अपघातात गेले, तेव्हा रॉलिन्स त्याच बँडमध्ये होते. स्वतः रॉलिन्स हेरॉइनच्या विळख्यातून सुटले ते अमेरिकेतल्या लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात. अशा माणसाने थांबून श्वास घेतला, म्हणून तो २०१२पर्यंत मंचावर उभा राहू शकला.

आणि पुढे १९६०च्या दशकाच्या अखेरीस ते आमच्या पवईत आले होते, स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात. ध्यानात मन लागेना, तेव्हा 'वाजवणं हेच तुमचं ध्यान' असं तिथे सांगितलं गेल्याचं त्यांनीच मुलाखतींत सांगितलंय. १९७८च्या 'जॅझ यात्रा' या संगीत महोत्सवाला ते पुन्हा मुंबईत येऊन वाजले. मी स्वतः सॅक्सोफोन शिकतोय. सोसायटीत तक्रार झाल्यापासून पहाटे तलावाकाठी जातो. भिंती नसल्या की सूर परत येत नाही, फुंकर पोटातूनच द्यावी लागते. पुलावर तेच झालं असणार.

खर्ज:
फुंकरीचा मुद्दा पटला. 'द ब्रिज'मधला त्यांचा सूर भरदार आहे, हे नाकारत नाही. चेरींबरोबरचं आज पुन्हा ऐकतो. पण १९५९ आणि ६०मध्ये कोल्ट्रेनसमोर रॉलिन्स उभे असते तर काय ऐकायला मिळालं असतं, ही हळहळ माझ्या मनातून जाणार नाही.