जुन्या गॅस ग्रिलचा कोळशावरचा स्मोकर (मंद आचेवर धुरात मांस शिजवायची पेटी) होईल का?

बर्नर गंजून पार गेलेत, पण पेटी आणि झाकण ठणठणीत आहे. टाकवत नाही. बर्नर काढून तिथे थेट कोळसा पसरला तर चालेल?

उत्तर १
थेट नको! मी हेच केलं होतं. बऱ्याच गॅस ग्रिलची पेटी ओतीव ॲल्युमिनियमची असते आणि ते ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. फुललेला कोळसा त्याहून तापू शकतो. माझ्या पेटीचा तळ एका जागी बसला, फार वाईट वाटलं. आता तळाला अग्निविटा, त्यावर पायांची जाड स्टीलची टोपली, अशी रचना आहे. सिलिंडर, नळी, व्हॉल्व्ह, प्लास्टिकच्या कळा सगळं आधी काढा. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा आत अजिबात वापरू नका, तापला की विषारी धूर सोडतो.

उत्तर २
कोळसा एका टोकाला, मांस दुसऱ्या टोकाला, मध्ये पाण्याचं भांडं. हवा कोळशाच्या बाजूने खालून आत, धूर मांसाच्या बाजूने वरून बाहेर.

प्रश्नकर्ता
झाकणाच्या मागे मोठी फट आहे, तिचं काय?

उत्तर १
खरी मेख तीच. ती उघडी राहिली तर ११० ते १२० अंश टिकत नाहीत. मी स्टीलची पट्टी ठोकून कडेला काचतंतूची दोरी लावली. बर्नरची भोकंही बुजवा. पहिल्यांदा रिकामाच तासभर तापवा, आणि तोही उघड्यावरच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.