तालीसपत्र म्हणजे नेमके कोणते झाड?

गोदाकाठ:
नमस्कार. तालीसादी चूर्ण घरी करावे म्हणून मी पंचवटीतील एका काष्ठौषधींच्या दुकानातून तालीसपत्र आणले. निवडायला बसलो तेव्हा पुडीत दोन प्रकारच्या सुया, म्हणजे सुईसारखी पाने, दिसली. काहींच्या टोकाला बारीक खाच आहे, तर काही थेट टोकदार आहेत. दुकानदार दोन्हींना तालीसपत्रच म्हणतात. एका ओळखीच्या गृहस्थांच्या मते हा देवदाराचा पाला आहे. नाशिकमध्ये हे झाड प्रत्यक्ष पाहण्याची सोय नाही, म्हणून जाणकारांना विचारतो.

रानवाटा:
कृपया चूर्ण तूर्त करू नका. आयुर्वेदात तालीसपत्र म्हणून सहसा हिमालयातील फर वृक्षाची पाने घेतात. ग्रंथांतून त्याचे नाव अजूनही एबीज वेबियाना असे छापले जाते, मात्र वनस्पतिशास्त्रात आता एबीज स्पेक्टाबिलिस हे नाव मान्य आहे. त्याची सुई चपटी, टोकाला खाच असलेली असते आणि तिच्या पाठीमागे मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक पांढरट पट्टा असतो. टोकदार, पट्टे नसलेली सुई बहुधा टॅक्सस या झाडाची, म्हणजे उत्तराखंडातील थुनेरची असावी. बाजारात तीही याच नावाने विकली जाते, पण तिच्यातील टॅक्सीन हे द्रव्य हृदयाला घातक आहे. देवदार तर निराळाच; त्याच्या सुया झुबक्यांनी येतात.

हिमशिखर:
वरील माहितीत थोडी भर घालतो. कुलूकडे पदभ्रमण करताना मी याचा भाऊबंद एबीज पिंड्रो पाहिला, ज्याला हिमाचलात तोस, काश्मीरकडे बुदुल आणि कुमाऊँत रागा म्हणतात. त्याच्या सुया अधिक लांब, तर पट्टे फिकट असतात. दोन्हींचे जांभळट शंकू, म्हणजे बिया धरणारी बोंडे, फांदीवर मेणबत्तीसारखे उभे राहतात आणि पिकल्यावर झाडावरच खवला खवला सुटून विखुरतात, त्यामुळे झाडाखाली कितीही शोधले तरी अखंड शंकू क्वचितच सापडतो. स्प्रूस या दुसऱ्या सूचिपर्णी झाडाचे शंकू मात्र लोंबतात आणि सबंध खाली पडतात. आपल्या पुडीत एखादी काडी असल्यास तीही पाहा: फरची सुई गळाल्यावर काडीवर गोल, गुळगुळीत वण उरतो.

गोदाकाठ:
मनःपूर्वक आभार. मूठभर सुया कोमट पाण्यात भिजवून भिंगाखाली पाहिल्या. खाच असलेल्या सुयांवर पांढरे पट्टे स्पष्ट दिसले, टोकदार सुयांवर एकही दिसला नाही. काडीवरील वणही गोलच आहेत. सगळी पुडी उद्या परत नेतो आणि दुकानदारांना दोन्ही सुया शेजारी ठेवून दाखवतो, कारण हीच पुडी ते दुसऱ्या कुणालाही देऊ शकतात.