'ओकिबिकी'ला मराठीत काय म्हणाल?

तळेगावकर: पुण्यातून जपानला शिकायला निघालेल्या मुलांसाठी दोन पानी सूचनापत्रक मराठीत करतोय आणि एका ओळीवर दोन दिवस अडकलोय. तिकडे पाट्या असतात, ओकिबिकीपासून सावध. म्हणजे जागा धरायला टेबलावर बॅग ठेवून तुम्ही कॉफी आणायला गेलात आणि मागे कोणीतरी ती घेऊन पसार. ओकु म्हणजे ठेवणे, हिकु म्हणजे ओढणे. मी 'उचलेगिरी' लिहिलं तर बायको म्हणते उचलेगिरी दुकानातली. पण दुकानातलीला मान्बिकी आहे ना!

शेंगदाणा: 'सामानचोरी' लिहा आणि मोकळे व्हा.

मोडीवाला: मान्बिकी मुळात शेतातली हो. माबिकी, रोपं दाट झाली की मधली मधली उपटतात ते, आपली विरळणी. दुकानातल्या मालाची विरळणी! मधे 'न' घुसला असं सांगतात. फार हसू नका पण, जपानच्या एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, नकोशा तान्ह्या बाळाला मारण्यालाही माबिकीच म्हणायचे.

गोदाकाठ: उचलेगिरी अस्सल मराठी आहे, तेच ठेवा. नाहीतर हल्ली जो तो पाकीटमार, पाकीटमार. खिसेकापू म्हणायला काय होतं?

शेंगदाणा: काका, गिरी फारसी, खिसा पण फारसीच. कापू तेवढा तुमचा.

माजलगावचा: आमच्याकडं उचल म्हणजे ऊसतोडीला जायच्या आधी मुकादमाकडून घेतलेले पैसे. त्यात चोरी कसली, उलट ती फेडता फेडता सीझन जातो.

सावली: आणि उचल्या शब्द जरा जपून. इंग्रजांच्या काळात अख्ख्या जमातीवर गुन्हेगार म्हणून तो शिक्का बसला. तो गुन्हेगार जमाती कायदा 1952 ला गेला, शिक्का गेलाय का?

गोदाकाठ: मी उचलेगिरी म्हणालो, उचल्या नाही.

सावली: मग उचलेगिरी कोण करतो?

ओसाकाकर: इथे नुसत्या घरातल्या चोरीचे तीन प्रकार. घरी कोणी नसताना आकिसु, शब्दशः रिकामं घरटं. सगळे झोपल्यावर शिनोबिकोमी. आणि माणसं जागी, आत टीव्ही बघत बसलीयत तेव्हा इआकी. पोलीस वेगवेगळे मोजतात, कायद्यात मात्र चोरी म्हणून सगळी सेत्तोच, कलम 235, दहा वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड. माझा लाडका शब्द नेकोबाबा. बाबा म्हणजे घाण, मांजर घाण करून वर माती ओढतं ना, तसं सापडलेली वस्तू गुपचूप आपली करणं. मला एकदा स्टेशनबाहेर छत्री सापडली, चांगली लाकडी दांड्याची, आठवडाभर वापरली. शेजारच्या आजींना सांगितलं तर तोंडावर हात ठेवून हसत म्हणाल्या, "नेकोबाबा?" दुसऱ्या दिवशी चौकीत देऊन आलो.

मोडीवाला: ढापली म्हणा की सरळ.

ओसाकाकर: नाही, ढापणं म्हणजे पाकुरु. पेन ढापलं, गाण्याची चाल ढापली, दोन्हीला चालतो. गंमत म्हणजे पोलिसांनी चोराला पकडलं तरी पाकुरुच!

माजलगावचा: मग आपलं वेगळं काय आहे? चोर बॅग उचलतो, पोलीस चोराला उचलतात.

तळेगावकर: ते सगळं ठीक, माझी ओळ? उद्या छापायला द्यायचंय.

शेंगदाणा: सामानचोरी. पहिल्यांदाच सांगितलं होतं.

गोदाकाठ: सामान फारसी आहे.