प्रतिमांचा वाद लिओपेक्षा जुना आहे
चर्चमध्ये प्रतिमा असाव्यात की नाही, हा ख्रिस्ती धर्मातील वाद 8व्या शतकात बायझंटाइन सम्राट तिसरा लिओ याने सुरू केला, असे म्हटले जाते; ते मला पुरते पटत नाही. सायप्रसचा बिशप एपिफानियस याने 4थ्या शतकाच्या अखेरीस जेरुसलेमच्या बिशपला लिहिलेल्या पत्रात, पॅलेस्टाइनमधील एका चर्चच्या दारावरचा चित्रित पडदा आपण फाडल्याचे सांगितले आहे. चित्र ख्रिस्ताचे की कुणा संताचे, हेही त्याला नीट आठवत नव्हते! कापड एखाद्या गरिबाच्या कफनासाठी वापरा, असे त्याने सुचवले, तेव्हा तिथल्या लोकांनी कुरकुरत बदली पडदा मागितला आणि त्याला तो पाठवावा लागला. पुढे 787 मध्ये निकिया येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने प्रतिमेला वंदन, तर आराधना केवळ ईश्वराची, असा भेद केला. लॅटिन भाषांतरात तो पुसट झाल्याने पश्चिमेतील फ्रँक राजा शार्लमेन याचे धर्मपंडित मात्र त्या निर्णयावर तुटून पडले.