वॉटरजेटने कापलेल्या जाड प्लेटची खालची कड खरबरीत का येते?

प्रश्न:
४० मिमी जाडीच्या ॲल्युमिनियम प्लेटमधून काही भाग वॉटरजेटवर (अतिउच्च दाबाच्या पाण्याच्या झोताने कापणाऱ्या यंत्रावर) कापून घेतले. कडेचा वरचा अर्धा भाग बोट फिरवले तरी गुळगुळीत लागतो, पण खालच्या अर्ध्यात मागे वळलेल्या रेघा आहेत आणि खाच (झोताने पडलेली कापाची फट) खाली अरुंद झाल्याने कड काटकोनात राहिलेली नाही. कापणारे म्हणतात की ४००० बारच्या पंपावर एवढेच जमते. मग दाब वाढवला की प्रश्न सुटेल का?

उत्तर १:
धातू पाण्याने कापला जात नाही, पाण्यात मिसळलेले गार्नेटचे (एका कठीण खनिजाचे) कण तो कापतात. ४००० बारचे पाणी नीलमाच्या किंवा हिऱ्याच्या बारीक छिद्रातून सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने सुटते. नुसत्या पाण्याच्या तेवढ्या झोतावर रबर, फोम, पुठ्ठा कापला जातो. १९५० च्या दशकात नॉर्मन फ्रान्झ यांनी अशा झोताने लाकूड कापून पाहिले होते. मोहम्मद हाशिश यांनी १९७९ पासून झोतात अपघर्षक (घासून कापणारे) कण मिसळण्यावर काम केले आणि त्यानंतरच पोलाद, काच, दगड वॉटरजेटच्या आवाक्यात आले. आता तुमच्या रेघांविषयी. खोल जाताना कणांची ताकद खर्च होते, झोताचे खालचे टोक मागे रेंगाळते आणि त्याचीच खूण कडेवर उमटते. दाब वाढवल्याने काम लवकर उरकते, पण फीड (हेड पुढे सरकण्याचा वेग) त्याच प्रमाणात वाढवला तर कड आहे तशीच राहते. आधी फीड कमी करायला सांगा.

उत्तर २:
फीडचे म्हणणे मान्य, मात्र तो फारच कमी केला तर उलट खालची खाच रुंद होऊ लागते. काटकोन हवाच असेल तर हेड (झोत सोडणारे टोक) किंचित कलते करून तिरकसपणा टाकाऊ बाजूला ढकलणारे यंत्र शोधा. शिवाय मिश्रणनळी (पाणी आणि कण एकत्र होऊन जिच्यातून बाहेर पडतात ती नळी) तपासायला सांगा. सुमारे १ मिमीचे तिचे भोक झिजून लांबट झाले की झोत फाकतो. म्हणून ती रोज पाव फेरा फिरवायची असते, आणि हेच काम सर्रास टाळले जाते.

उत्तर ३:
पंपालाही लगेच निर्दोष ठरवू नका. इंटेन्सिफायरमध्ये (पंपाच्या दाब वाढवणाऱ्या भागात) २०० बारचे तेल मोठ्या दट्ट्यावर दाबून वीसपट दाब मिळवतात. एवढ्या दाबाखाली पाणीसुद्धा सुमारे १२ टक्के आकसते, त्यामुळे दट्टा दिशा बदलताना दाब क्षणभर खाली येतो. ही घट सावरणारी दाबटाकी कमी पडली, तर कडेवर ठरावीक अंतराने सरळ, उभ्या खुणा दिसतात. तुमच्या रेघा सरळ आहेत की वळलेल्या, हे भिंगातून पाहा.

प्रश्नकर्ता:
भिंगातून पाहिले. वरच्या १५ मिमीमध्ये जवळजवळ काहीच नाही. त्याखाली सगळ्या रेघा वळलेल्या आणि कोपऱ्यांवर जास्त खोल आहेत. म्हणजे कोपऱ्यांवरही फीड उतरवलेला नव्हता. ज्या दोन बाजू दुसऱ्या भागाला टेकतात तेवढ्याच सावकाश कापायला सांगतो, बाकीच्या आहेत तशा चालतील.